ओडेलच्या कार्डावरची तारीख

"तारीख उलटली की चालायचं नाही. नियम मी केलाय."

"आठच दिवस उलटलेत, आई."

"मग शनिवारी चालू नकोस, कपड्यांच्या आठच पेट्या उचल."

क्विन्सी आरशासमोर चंदेरी जाकीट घालून उभा होता आणि ओडेल पेटवे तोंडातल्या टाचण्या न काढता त्याची बाही आत घेत होता. ओडेल म्हणजे सहा फुटी, बावन्न वर्षांचा बाप्या. दिवसा चर्चच्या गायकांचे झगे शिवतो. पण जॅक्सन शहरातल्या या बंद पडलेल्या पार्लरात जमणारी आमची काळी पोरं त्याला आई म्हणतात. पोरगा पोरावर प्रेम करतो म्हणून यातल्या कितीजणांना घरातून काढलंय. ती इथं नटूनथटून चालायचा सराव करतात. शनिवारी बॉल, म्हणजे नटून चालायची स्पर्धा, असला की परीक्षकांसमोर चालून करंडक आणतात.

तरुणपणी ओडेलने एचआयव्हीने गेलेल्या चार मित्रांचे शेवटचे सूट शिवले. पाचवा शिवणार नाही, म्हणाला आणि सरावाच्या दारातच तपासणीचं टेबल मांडलं. आधी बोट टोचून घ्यायचं, मग लाल घेवडा नि भात, मग चालणं. दर तीन महिन्यांनी. आरशाशेजारी प्रत्येकाचं कार्ड टांगलेलं. त्यावर निकाल नाही, नुसती तारीख. निकाल काही येवो, चालायला मिळतंच. औषध सुरू करायचं असेल तर ओडेल स्वतः दवाखान्यात सोबत जातो.

"आई, तुझं कार्ड कुठंय रे?" क्विन्सीने विचारलं.

"असेल तिथंच."

क्विन्सीने भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. कार्ड त्याच्या मागे होतं. "चौदा महिन्यांपूर्वीची तारीख," त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

तपासणीच्या टेबलापाशी बोटं टोचायला मी होते. मला हसू आवरेना.

"मी म्हातारा माणूस. मला कोण विचारतंय?"

"कुणीतरी विचारतंय. नाहीतर नऊ वर्षांनी पुन्हा थोरल्यांच्या फेरीत चालायला निळा सूट कशाला शिवला असतास? आता तूही पेट्या उचल. माझी जड आहे हं."

ओडेलने टाचण्या काढून हातात धरल्या. निळा सूट खुंटीला होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"लोकांची बोटं धरताना कधी घाबरलो नाही," तो हळूच म्हणाला. "स्वतःची पाळी आली की म्हणायचो, उद्या."

"मीही आठ दिवस तेच म्हणतोय," क्विन्सी म्हणाला आणि टेबलाशी दोन खुर्च्या ओढल्या. "चल. दोघं एकदम."

मी दोघांची बोटं टोचली. ओडेल केवढ्यानं तरी कण्हला.

"सुई आहे आई, करवत नाही."

निकालाला वीस मिनिटं. तेवढ्यात हाताला चाळा म्हणून ओडेलने क्विन्सीची बाही शिवायला घेतली आणि तिचं तोंडच शिवून टाकलं. क्विन्सीचा हात आत अडकला, तसाच तो डाव्या हाताने भात खात बसला.

निकाल मी ज्याचा त्याला कानात सांगितला. क्विन्सीने डोळे मिटून लांब श्वास सोडला. ओडेलने दोन्ही कार्डांवर ठसठशीत तारीख घातली, पोराची बाही उसवून दिली, मग खाली वाकून मला विचारलं, "ती रोजची गोळी, लागण होऊ नये म्हणून असते ती, माझ्या वयाला चालेल का?"

"चालेल. दवाखान्यात लिहून देतील. या खेपेला मी येते सोबत."

क्विन्सीचे कान तिखट. "आई, शनिवारी तुझं चालणं बघायला पहिल्या रांगेत कोण बसणार आहे?"

ओडेलने निळा सूट खांद्यावर टाकला, टोपी तिरकी केली आणि भर दुपारी शीळ घालत दाराबाहेर पडला.