नानांचा नंबर

आमच्या शाळेतल्या अकरा मुलींच्या प्रवेश अर्जांवर एकच मोबाइल नंबर होता, तो नानांचा.

शिंदखेड्याजवळच्या आमच्या शाळेत नाना लिपिक होते. निवृत्तीनंतर बारावीच्या मुलींचे कॉलेजचे अर्ज भरणे हेच त्यांचे काम झाले. मी तिथलीच शिक्षिका; याद्या माझ्या, अर्ज त्यांचे. स्वतःचा नंबर देण्याला कारण होते. घरातला फोन बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो, आणि एका बापाने ओटीपी वापरून लेकीची मिळालेली जागा परस्पर सोडून दिली होती. तेव्हापासून सगळे आपल्यापाशीच ठेवून नाना प्रत्येकीला अहिराणीत सांगत, "बठ्ठं मन्हापाशी शे. तू फक्त अभ्यास कर."

मूळ कागदपत्रेही त्यांच्याच लोखंडी पेटीत असत, डांबरगोळ्यांसकट. माझ्या वहीला ते हसत. यादी हरवली तर काय, म्हणून यादीची यादी ठेवली आहे का, असे विचारत.

गेल्या मे महिन्यात एकीचा दाखला दुसरीच्या फाइलमध्ये सापडला. मग एका सकाळी नाना शाळेत आले आणि आपल्या जुन्या टेबलाशी बसले. खण उघडला, बंद केला, कुलूप लावले, किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला बांधली. मी दारातून पाहत होते. त्या दिवशी वहीत लिहिले : नाना, दुसरा नंबर जोडणे. त्यांना हे कसे सांगायचे ते सुचेना. नाना मधूनमधून येऊन तो खण उघडून बंद करत, आणि रोज ती ओळ मी पुढच्या पानावर उतरवत राहिले.

त्या अकरा जणींतल्या रेखाच्या वडिलांनी आधीच सांगितले होते, "नाव लागनं ते जळगाव. नही ते दिवाळीनंतर लगन."

जळगावच्या कॉलेजच्या यादीत नाव लागले. जागा स्वीकारायला तीन दिवस होते, तिसऱ्या दिवशी पाचपर्यंत. पहिले दोन दिवस साइटच उघडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शिंदखेड्याच्या सायबर कॅफेत शेवटचे बटण दाबले. ओटीपी पाठवला आहे, असे पडद्यावर आले. नानांचा फोन बंद होता.

स्कूटरवर रेखाला घेऊन त्यांचे घर गाठले. नाना ओट्यावर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. फोन कुठे आहे, विचारले. ते प्रेमाने हसले.

"कोना फोन, मॅडम?"

नानांच्या बायकोने, अक्कांनी, धान्याच्या कोठ्या उपसल्या. मी पेटी पालथी घातली. पाच वाजून गेले. रेखा रडली नाही. तिने सगळ्या फाइली नावांच्या क्रमाने पेटीत परत लावल्या.

फोन कुठे आहे ते मला मध्यरात्री जाग येऊन कळले. सकाळी नानांच्या कडदोऱ्याची किल्ली आणून शाळेतला खण उघडला. फोन चार्जिंगला लावताच एकामागून एक सहा आकडी ओटीपींचे संदेश येत राहिले.

पुढच्या फेरीत रेखाचे नाव नव्हते. वडिलांनी शब्द पाळला.

हिवाळ्यात मुलगा नानांना धुळ्याला घेऊन गेला. बसच्या खिडकीतून त्यांनी विचारले, "रेखा जळगावले पोचनी का?"

मी म्हणाले, "पोचली, नाना."

त्यांनी रिकामा खिसा थोपटला. "मंग ठीक शे. बठ्ठं मन्हापाशी शे."

आता अर्जाआधी प्रत्येक मुलीचे स्वतःचे सिम घेते. यादीतला पहिला रकाना तोच. या वर्षीच्या यादीतही रेखाचे नाव मी उतरवून घेतले आहे. तिचा नंबर सासरी कुणाला विचारावा, ते अजून ठरलेले नाही.