नाडी नसताना दिसणारी रेघ

आत्या दवाखान्याच्या तळघरात बसते. वरच्या मजल्यांवर डॉक्टर लोक जे लिहितात ते वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. कोड पाहूनच विमा कंपनी कशाचे पैसे द्यायचे ते ठरवते. वीसेक वर्षं ती हेच करते आहे. "डोळे गेले, मान गेली, आता मी जायचीच तेवढी राहिलेय," असं ती चहा ओतताना सहज म्हणते. मी तिची भाची. नुकतीच शिकून त्याच खोलीत, तिच्या शेजारच्या टेबलावर लागले.

हृदय बंद पडल्याच्या फायली तिच्याच वाट्याला येतात, कारण बाकीचे त्या टाळतात. बंद पडणं एकाच तऱ्हेचं नसतं. कधी हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलतच नाही. त्याला स्वतःचा कोड आहे. कधी मॉनिटरवर ठोके नीट दिसतात, पण मानेला नाडी लागत नाही. कधी सरळ रेघ. या दोन्हींना वेगळा कोड नाही. 'हृदय बंद पडले' यातच त्या जातात, मागचं कारण बघून. रेघ आपण वाचायची नसते. डॉक्टरनं लिहिलं असेल तेवढंच धरायचं. लिहिलं नसेल तर विचारायचं, आणि प्रश्नातून उत्तर सुचवायचं नाही.

मी आत्याच्याच घरी राहते. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका कापड बेतता बेतता कोसळले. दवाखान्याच्या दारात त्यांचं हृदय बंद पडलं आणि डॉक्टरांनी छाती दाबून दाबून परत चालू केलं. ते शुद्धीवर आले त्या संध्याकाळी काकू वर आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

"माझा भाऊ चौकशी करून आलाय," त्या आत्याला म्हणाल्या. "छातीत एक मशीन बसवतात, हृदय थांबलं की आतूनच झटका देणारं. पण थरथरण्याचा प्रकार असेल तरच कंपनी मंजूर करते म्हणे. आणि ते तुम्ही लिहिता."

"मी डॉक्टरांचं लिहिलेलं उतरवते, वहिनी."

"एक आकडा इकडचा तिकडे करायचा. कोणाचं काय जातंय?"

"माझी नोकरी जातेय."

"जाऊ दे की. रोज तिच्या नावानं बोटं मोडताच ना."

आत्या हसली. काकू हसल्या नाहीत. "घरी आल्यावर हे परत पडले तर? मी रात्रभर यांच्या नाकाशी हात धरून बसू का?"

आत्यानं भाजीखालचा गॅस बारीक केला.

फाइल आली. नात्यातल्या माणसाची फाइल आपण घ्यायची नसते, पण शेजारी नात्यात मोडत नाहीत. डॉक्टरनं एवढंच लिहिलं होतं, की हृदय बंद पडले, उपचारांनी सुरू झाले. सोबत जोडलेल्या मॉनिटरच्या कागदी पट्टीवर वेडीवाकडी रेघ होती.

"आत्या, हे थरथरणंच आहे," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटतंय. म्हणून तर गप्प बस."

तिनं टाइप केलं, 'थरथर होती का?' बराच वेळ त्याकडे बघत बसली. मग ते खोडून लिहिलं, 'नाडी लागत नव्हती तेव्हा हृदयाची लय कोणती होती व कारण काय, ते कृपया लिहावे.'

दुपारी डॉक्टर स्वतःच खाली आला. पोरगेलासा, डोळे तांबारलेले.

"मॅडम, तुमचे प्रश्न म्हणजे सासूचे टोमणे. काय हवंय ते सांगा, लिहून सही करतो. कालपासून उभा आहे मी."

एक शब्द पुरला असता. आत्यानं तळव्यांनी डोळे चोळले. ती इतकी दमलेली मी कधी पाहिली नव्हती.

"बसा आधी. मला काही नकोय. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा."

तो धपकन बसला. पट्टी ओढून घेतली. "हे वेडंवाकडं आहे ना, ते माझे हात. छाती दाबत होतो. आता इथे बघा, हात काढले. ठोके व्यवस्थित, आणि मानेला नाडी नाही. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवली तेव्हा गडी परत आला."

"म्हणजे मशीन?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याचा काय उपयोग? रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतल्या की झालं."

"एवढंच लिहा," आत्या म्हणाली. "आणि हे सगळं झोपायला जायच्या आधी त्यांच्या बायकोला सांगा."

"उद्या सांगतो ना."

"उद्यापर्यंत ती बाई डोळा मिटणार नाही."

तो पुटपुटत जिना चढला. आत्यानं कोड लावला आणि पुढची फाइल उघडली.

संध्याकाळी काकू पुन्हा वर आल्या. "डॉक्टर येऊन सांगून गेले. मशीन नको म्हणाले, गोळ्या पुरतील. खरं का हो?"

"डॉक्टर म्हणाले ना, वहिनी."

"ते तर दारात उभ्या उभ्या पेंगत होते. तुम्ही सांगा."

"मी कोडवाली. मी कशी सांगणार?"

काकू खुर्चीत बसून राहिल्या. मी चहा टाकला. कप घेऊन वळले तर आत्याची मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं, बारीक घोरणं चाललेलं. काकू तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"फायलीत काही वाईट लिहिलेलं असतं," त्या हळूच म्हणाल्या, "तर हिला माझ्यासमोर अशी झोप लागली नसती."

आत्या बसेल तिथे झोपते. काकूंना मी ते सांगितलं नाही. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि दार न वाजवता ओढून घेतलं.