थेंबमास्तर आणि शेजारचा स्वस्त पंप

त्या छोट्या विमानतळावर विमानांत पेट्रोल भरणाऱ्या माणसाचं खरं नाव पगाराच्या यादीत तेवढं होतं. बाकी सगळे त्यांना थेंबमास्तर म्हणत. रोज सकाळी टाकीच्या तळाचा नळ सोडून ते काचेच्या बरणीत थोडं निळसर पेट्रोल काढायचे, बरणी खिडकीच्या उजेडात धरायचे आणि बुडाशी पाण्याचा एखादा थेंब बसलाय का ते डोळे बारीक करून पाहायचे. पेट्रोलमधून पाणी गेलं तर इंजिन हवेत बंद पडतं, आणि हवेत गाडी कडेला घेऊन उभं राहता येत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकवीस वर्षांत त्यांच्या पंपावरून कुणाच्या विमानात पाणी गेलं नव्हतं. मिरवण्यासारखं त्यांच्याजवळ एवढंच होतं, आणि तेही ते मिरवत नसत.

विमानतळ म्हणायचं ते म्हणायची पद्धत म्हणून. एक धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पत्र्याची शेड, एका खोलीत रेडिओ आणि त्या खोलीला लागून पंप. पंपावर पत्र्याची पाटी आणि पाटीवर खिळ्यांना टांगलेले भावाचे आकडे. दिवसाला तीनेक छोटी विमानं उतरायची, आणि उतरणारा प्रत्येक वैमानिक आधी त्या आकड्यांकडे बघून तोंड वाकडं करायचा. कारण पूर्वेला पंचवीस मिनिटांवर दुसरा एक जरा मोठा विमानतळ होता, आणि तिथलं पेट्रोल चांगलं पाव हिश्शानं स्वस्त होतं.

भाव मालक ठरवायचे, पण बोलणी खायला पंपावर थेंबमास्तर उभे. ते बिचारे प्रत्येकाला समजावून सांगत. टँकर डेपोतून पूर्ण भरून येवो की अर्धा, त्याचं भाडं तेवढंच. तिकडच्या टाकीत अख्खा टँकर मावतो, आपल्यात अर्धा. म्हणजे आपल्या लिटरावर भाड्याचा बोजा दुप्पट. टाकीची देखभाल, अग्निशामक नळकांडी, तपासणी यांचा खर्च तिकडे आठवड्याला शंभर विमानांत वाटला जातो, इथे वीस विमानांत. शिवाय रोज बरणीत काढलेलं पेट्रोल परत टाकीत जात नाही. वैमानिक सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, हो, पण महाग आहे ना?

या वैमानिकांत सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा त्यांचा स्वतःचा जावई होता.

जावई एका कंपनीसाठी औषधांची खोकी न् पार्सलं उडवायचा. पैसे खेपेवर मिळायचे आणि पेट्रोल त्यातूनच भरायचं, त्यामुळे भाव त्याला झोंबायचा हे खरं. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, बायकोवर जीव टाकणारा होता, फक्त चारचौघांत जीभ सैल सुटायची. मुलगी शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासायची. काचपट्टी उजेडात धरून डोळे बारीक करायची सवय थेट बापाची. ती नवऱ्याला म्हणायची, बाबांना त्या पाटीवरून चिडवू नका, त्यांना लागतं. तो म्हणायचा, सासऱ्याला चिडवायचं नाही तर कुणाला चिडवायचं?

आणखी एक रीत इथे सांगायला हवी. निघणारा वैमानिक इंजिन चालू करायच्या आधी थेंबमास्तरांना विचारायचा, "पुढे काय?" आणि मास्तर सांगायचे. पुढच्या ठिकाणी वारा कसा आहे, धावपट्टी कुठे खणून ठेवलीय, पंपात माल आहे की नाही. या बातम्या टँकरवाल्याकडून यायच्या, कारण तो सगळे पंप फिरायचा. कुठल्याही नियमांच्या पुस्तकात हे नव्हतं. पण त्या भागातले वैमानिक नकाशापेक्षा त्यावर जास्त भिस्त ठेवत.

त्या दिवशी सकाळी टँकर आला. टँकरवाल्यानं अर्धा माल उतरवला आणि डेपोचा भाव चढल्याचं सांगितलं. मास्तरांनी पाटीवरचे आकडे बदलले. मग चहा पिता पिता टँकरवाला म्हणाला की शेजारच्यानं या खेपेला माल मागवलेलाच नाही. भाव खाली येईल म्हणून वाट बघत बसलाय. त्याच्याकडे आहे तो जुन्या भावाचा माल, म्हणून तर इतका स्वस्त विकतोय. पण टाकी तळाला लागलीय, आज दुपारपर्यंत टिकली तरी खूप. मास्तरांनी ऐकलं आणि ध्यानात ठेवलं.

दुपारी जावई उतरला. खोकी उतरवून पंपाशी आला आणि नवे आकडे बघून थबकला. तिथे दोन वैमानिक उभे होते, मेकॅनिक होता. जावई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सासरेबुवा, पेट्रोल विकताय की मुलीच्या लग्नाचा खर्च वसूल करताय?"

सगळे खो खो हसले. मेकॅनिकही हसला, आणि तो तर मास्तरांच्या बायकोनं दिलेल्या डब्यातलं रोज खाणारा. त्या लग्नात मास्तरांनी हात राखला नव्हता आणि नंतर त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नव्हता. त्यांची कानशिलं तापली. त्यांनी पाइप उचलला आणि किती भरू एवढंच विचारलं. जावई म्हणाला, एक थेंबही नको, तिकडे भरतो. त्याच्याकडे तासाभराचं पेट्रोल होतं. तो हसत हसत विमानात चढला आणि त्या गडबडीत त्यानं विचारलं नाही, पुढे काय.

मास्तरांच्या ओठांवर वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. जाऊ दे, म्हटलं. जा तिकडे, बघ कोरडा पंप, बस उद्यापर्यंत हात चोळत. जरा जिरू दे. एवढीच शिक्षा त्यांनी मनात काढली होती, आणि अशी शिक्षा घरोघर कोण ना कोण कुणाला तरी रोज देत असतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबात आली नाही. विमानात अजून एक औषधांचं खोकं होतं, ते तिकडून पुढच्या गावी संध्याकाळच्या आत पोचवायचं होतं, आणि जावई हात चोळत बसणाऱ्यातला नव्हता.

तासाभरानं रेडिओ खरखरला. जावयाचा आवाज होता, नेहमीसारखाच मजेत. "सासरेबुवा, तिकडचा पंप कोरडा ठणठणीत. परत निघालोय. पाइप काढून ठेवा, आज तुमच्याच भावानं भरतो."

आणि मास्तरांना बरं वाटलं. सांगायला जड जातं, पण वाटलं. त्यांनी मेकॅनिकला हाक मारून हे ऐकवलं. बाहेर येऊन पाइपाचं वेटोळं सोडलं, तोटी फडक्यानं पुसली. पुसता पुसता त्यांची नजर वर गेली. वाऱ्याची नळी ताठ झाली होती. पश्चिमेचा वारा, म्हणजे येणाऱ्याच्या थेट तोंडावर. पंचवीस मिनिटं जायला, दोनदा उड्डाण करून उंची गाठायला जादा पेट्रोल लागतं ते वेगळं, आणि परतीला या वाऱ्यात पंचवीस नाहीत, पस्तीस. ते धावत आत गेले आणि किती उरलंय म्हणून रेडिओवर विचारलं.

मग जावई म्हणाला, "काटा तळाला आहे, बाबा. पोचतो."

बाबा म्हणाला. सासरेबुवा नाही.

मास्तर बाहेर आले. पूर्वेकडून इंजिनाचा आवाज आला, मोठा होत गेला, एकदा अडखळला, पुन्हा लागला आणि थांबला. पांढरा ठिपका धावपट्टीच्या अलीकडच्या झाडांमागे उतरला. विमान कालव्याच्या बांधावर आपटलं होतं. मास्तर पोचले तेव्हा मेकॅनिकनं त्यांना धरून ठेवलं, पुढे जाऊ दिलं नाही. पण त्यांना एक गोष्ट जाणवली. एकवीस वर्षं ज्या वासात त्यांनी काढली, तो पेट्रोलचा वास तिथे कुठेच नव्हता.

चौकशीला दोघेजण आले. त्यांनी मास्तरांच्या टाकीतलं पेट्रोल बरणीत काढून पाहिलं आणि इतका स्वच्छ माल छोट्या विमानतळावर सहसा मिळत नाही असं कौतुक केलं. शेजारच्या पंपवाल्यानं हात वर केले. माल संपल्यावर पाटी उतरवायची राहून गेली, म्हणाला. अंदाज चुकल्याचं खापर मेलेल्या वैमानिकावर फुटलं. टँकरवाल्यानं सकाळी काय सांगितलं हे मास्तरांना कुणी विचारलं नाही. जो तो पाठीवर हात ठेवून म्हणायचा, तुमचा काय दोष? आणि मास्तर मूग गिळून बसायचे.

तीन आठवड्यांनी मुलगी पंपावर आली. स्टुलावर बसली, बरणी हातात घेऊन उगीच फिरवत राहिली. मग तिनं विचारलं की इथल्या आणि तिथल्या भावात एवढा फरक का असतो. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. नवरा कशापायी गेला, ते तिला बारकाईनं बघायचं होतं.

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. टँकरचं भाडं, अर्धा माल, मोठी टाकी, शंभर विमानं आणि वीस विमानं. शंभर वेळा सांगितलेलं होतं, आपोआप येत गेलं. इथे थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. "आणि तिकडचा माल जुन्या भावाचा होता," ते म्हणाले. "म्हणून जास्तच स्वस्त. पण संपत आला होता."

मुलीनं बरणी खाली ठेवली. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्या दिवशी सकाळी."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही."

तिचे डोळे बारीक झाले होते. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "रुसला होतात, बाबा?"

मास्तरांनी मान हलवली. हो.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. पर्स उचलली आणि निघून गेली. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

मास्तर अजून पंपावर आहेत. रोज बरणी उजेडात धरतात. विमान निघायला लागलं की पंखाशी धावत जातात आणि कुणी विचारो न विचारो, पुढचा वारा, पुढची धावपट्टी, पुढच्या पंपातला माल, सगळं दोन-दोनदा सांगतात. नवे वैमानिक हसतात, म्हातारा बडबड्या झालाय म्हणतात. दर रविवारी सकाळी घरी मुलीचा फोन येतो. मास्तर फोनाजवळच बसलेले असतात. त्यांनी उचलला तर ती म्हणते, "आईला द्या."