न बोलणाऱ्या माणसाचे संवाद

माझी आवड वाईट आहे हे मला लवकर कळलं, पण कळून काही ती सुधारली नाही. गोष्टीत दोन पुरुष असतील, एक नायक आणि एक त्याचा वैरी, तर माझं मन सरळ वैऱ्याच्या अंगणात जाऊन बसतं. त्यातून तो फार बोलत नसेल, त्याच्यामागे जळालेलं गाव आणि मेलेला भाऊ असेल, अर्धा चेहरा केसांनी झाकलेला असेल, तर मग विचारूच नका. आता चाळिशीला टेकले आहे. घुग्घुसमध्ये दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि मुलं मला चळचळा कापतात. बाई दुपारी दार लावून मोबाईलवरच्या एका काळ्या झग्यातल्या माणसासाठी उसासे टाकतात, हे त्यांना कळलं तर समीकरणं कोण सोडवणार?

ह्या खुळाची सुरुवात कुरखेड्याला मामाकडे झाली. मामाची शेती धानाची, त्यामुळे उन्हाळ्यात सगळे मोकळे. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली असायची आणि आत मामेभावाने नागपूरहून आणलेलं जुनं, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र चालू असायचं. सोबत एकच डिस्क होती आणि तिच्यातलं एक अक्षर आम्हाला वाचता येत नव्हतं. आम्ही त्या भाषेला चिनी म्हणायचो. ती जपानी होती हे बऱ्याच वर्षांनी कळलं.

गेममधला नायक पिवळ्या केसांचा, सदा हसतमुख. तो गावोगावी फिरून राक्षस मारायचा, लोक त्याला जेवू घालायचे. प्रत्येक गाव संपलं की टेकडीवर तो दुसरा, त्याचा वैरी, यायचा. काळा झगा वाऱ्यावर उडतो आहे, डावा डोळा केसांखाली. दोन ओळी बोलून निघून जायचा. मामेभाऊ घाईघाईने बटण दाबून त्या ओळी पुढे ढकलायला बघायचा आणि मी त्याच्या हातावर चापट मारायची. तो दोन ओळी बोलायचा आणि मी त्यांचा पानभर अर्थ काढायची. लहानपणीचा मित्रच असा दुरावला, गुरूने दगा दिला, आता परतीची वाट नाही, वगैरे. मामेभाऊ म्हणायचा, त्याला रस्ता विचारायचा असेल.

दुपारी वीज जायची ती जायचीच, आणि खेळ साठवून ठेवायची सोय त्या यंत्रात नव्हती. म्हणजे वीज आली की पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात. कितीतरी उन्हाळे आम्ही तो गेम खेळलो, पण शेवट काही पाहिला नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. तो मेला असणार, कारण पुढे अशा बऱ्याच गेममध्ये असे बरेच जण मरताना मी पाहिले. पण त्याला मरताना पाहिलं नाही, म्हणून तो माझ्यापुरता टेकडीवर उभाच राहिला.

ह्या आवडीवर मी खूप विचार केला आहे, म्हणजे विचार करून स्वतःचं समर्थन केलं आहे. नायकाकडे सगळंच असतं. मित्र असतात, आई असते, तलवार तर असतेच. त्याच्यासाठी आपण करायचं काय? वैऱ्याच्या शेजारी मात्र जागा रिकामी असते आणि ती आपल्यासाठीच राखून ठेवली आहे असं प्रत्येकीला वाटतं. प्रत्येकालाही वाटत असावं, कारण मामेभावाच्या दोन मित्रांनी त्या काळात डाव्या डोळ्यावर केस वाढवले होते आणि एक जण त्यापायी सायकलवरून नाल्यात पडला. त्याला कोणी समजून घेतलं नाही, मी घेईन, अशी ती भावना. शिवाय तो उलट उत्तर देत नाही, त्यामुळे आपण जे समजून घेऊ तेच बरोबर ठरतं.

हे ज्ञान घेऊन मी लग्नाची झाले.

चंद्रपूरच्या आमच्या घरी मंडळी मला पाहायला आली. मुलगा घुग्घुसच्या एका कोळसा खाणीत, वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. सगळ्यांनी पोहे संपवले, तो मात्र नुसती प्लेट धरून बसला. बाबांनी ड्युटी कोणती असते विचारलं, तर त्याने एक बोट वर केलं, म्हणजे पहिली पाळी. छंद विचारले, तर मान खाली घातली. त्याचे डोळे लाल झाले होते आणि हळूहळू भरून येत होते. नंतर आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथे त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं, छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि भराभर जिना उतरून गेला.

आई म्हणाली, "पोरगा मुका तं नाई ना? एक शब्द बोलला नाई." मी म्हटलं, मला पसंत आहे. तिने कारण विचारलं. मी सांगितलं, त्याच्या डोळ्यांत काहीतरी आहे.

होतं ना. तंबाखू होता. लग्नानंतर मांडवपरतणीला आम्ही माहेरी आलो तेव्हा भर पंगतीत त्यानेच ही हकिगत सांगितली. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर धीर यावा म्हणून त्याने खर्रा खाल्ला. आमच्याकडे खर्रा काय असतो ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेले. गालात भरला तेवढ्यात त्याच्या काकांनी हाताला धरून घरात आणलं. थुंकायला जागा शोधावी, तर माझ्या आईने फाटकापर्यंत सडा-रांगोळी करून ठेवलेली. मग तो रस गिळत बसला, डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि गच्चीवर जीव कासावीस झाला तेव्हा जिना उतरून कंपाऊंडच्या मागे पळाला. पंगत हसून हसून लोळली. मीही हसले, कारण रडले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या दिवसापासून तो जो बोलायला लागला, तो थांबलाच नाही. भाजीवाल्या बाईशी बोलायचा, थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरशी बोलायचा, टीव्हीवरच्या जाहिरातींना उत्तरं द्यायचा. मोटारसायकलवर मागे मान वळवून बोलायचा आणि हेल्मेटमुळे मला अर्धंच ऐकू यायचं. मी गेम उघडून बसले की शेजारी येऊन टेकायचा आणि माझा नवा वैरी पडद्यावर आला की विचारायचा, "याले आजपर्यंत कोणी जेवाले बोलावलं नाई का?" एवढा झगा घालून चंद्रपूरच्या मे महिन्यात फिरून दाखव म्हणायचा. मी एकदा चिडून म्हटलं की त्याच्या मनात किती साचलं आहे ते तुम्हाला कळायचं नाही. तो म्हणाला, मग सांगावं की त्याने. ह्या माणसाला शोकांतिकेची काही जाण नाही, अशी माझी पक्की खात्री झाली. त्यालाही मी तसं अनेकदा सांगितलं आणि त्याने ते मजेत मान्य केलं.

त्याचं दुखणं मला पहिल्यांदा गुपचूपच्या गाडीवर दिसलं, म्हणजे खरं तर दिसूनही दिसलं नाही. पाणीपुरीला आम्ही गुपचूप म्हणतो. तो गुपचूप अर्धी मोडून खायला लागला होता आणि पाणी शर्टावर सांडायचं. चारचौघांत कसं खावं ते तुम्हाला कळत नाही, म्हणून मी त्याला झापलं. नंतर त्याने मटणाचा रस्सा बिनतिखटाचा मागितला, तेव्हा वय झालं म्हणून चिडवलं. जांभई देताना तो गालावर हात धरू लागला, तेही मी बघितलं. जपानी माणसाच्या दोन ओळींतून जळालेलं गाव ओळखणारी मी, रोज शेजारी जेवणाऱ्या माणसाचं तोंड उघडत नाही हे ओळखायला मला कितीतरी महिने लागले.

चंद्रपूरच्या दाताच्या डॉक्टरांनी त्याला आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दोनच गेली, तीही अडकत. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठवड्याने या म्हणाले.

त्या दिवशी त्याने खिशातली रोजची खर्ऱ्याची पन्नी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बोलणंही बंद केलं. ड्युटीवरून आला की खिडकीशी बसून कोळशाचे ट्रक बघायचा. काही विचारलं तर हूं. जेवायला बोलावलं तर हूं. खिडकीशी बसलेला, दुःखी, न बोलणारा पुरुष. अख्खं तरुणपण मी जो मागितला तो घरपोच आला होता, आणि मला तो एक दिवस सहन होत नव्हता.

माझी सवय काही सुटली नाही. त्याच्या गप्प बसण्यात मी माझे संवाद भरत गेले. माझ्या संवादांत तो निरोप घेत होता. मी गेल्यावर तू माहेरी जा म्हणत होता, एकदा तर दुसरं लग्न कर म्हणाला. मी वरण ढवळता ढवळता त्याला ठाम नकार दिला, रडले, आणि वरण खाली लागलं. दुपारी मन रमवायला गेम उघडला तर माझा हल्लीचा लाडकाही टेकडीवर उभा, झगा उडतो आहे, तोंड बंद. मला त्याचा इतका राग आला की मोबाईल गादीवर आपटला. बोल ना मेल्या, असं मी मोठ्याने म्हणाले आणि बाहेर शिकवणीची मुलं आली नाहीत ना ते बघून घेतलं.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. आतली कातडी आखडली आहे, खर्ऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही, तोंडाचे व्यायाम करायचे आणि दाखवत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी त्यांच्यासमोर हुंदके देऊन रडले. तो मान डोलावत ऐकत होता. घरी येईपर्यंत तो काही बोलला नाही. ताण उतरायला वेळ लागतो, मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तो बोलला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. भाजीवाल्या बाईने मला विचारलं, "भाऊले बरं नाई का?" आणि मी सुटे पैसे न घेताच घरात आले. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून ह्याला काही वेगळं सांगितलं का, इथपर्यंत माझी मजल गेली, आणि डॉक्टरांनी तर मला बाहेर बसवलंच नव्हतं.

त्याची दुसरी पाळी होती. तो जेवून दारातल्या पायरीवर बुटांच्या नाड्या बांधत होता. मी जाऊन सरळ विचारलं, तुम्ही बोलत काऊन नाही? असा साधा प्रश्न मी कुठल्याच न बोलणाऱ्या पुरुषाला कधी विचारला नव्हता.

तो नाडीकडेच बघत राहिला. मग ओठ जेमतेम हलवत म्हणाला, "बोललो तं तुले दिसते ना, किती कमी उघडून राह्यलं ते. तू अजून भेशीन."

माझ्या इतक्या वर्षांच्या संवादांत हे वाक्य कुठेच नव्हतं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"दिसू द्या," मी म्हटलं. "बोला."

त्याने नाडीची गाठ पक्की केली. मग वर्कशॉपमधली एक गोष्ट सांगू लागला. कोणाची तरी मोटर जळली होती, कोणी तरी दुसऱ्यावर ढकललं होतं, आणि भांडण शेवटी चहावर मिटलं होतं. शब्द अडकत होते, काही तोंडातल्या तोंडात राहत होते. ड्युटीची वेळ होत आली होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते खरंच फार उघडत नव्हतं. मला भीती वाटत होती आणि मी बघत होते. जो शब्द कळला नाही तिथे मी त्याला थांबवून विचारत होते, काय म्हणाले, आणि तो तो शब्द पुन्हा सांगत होता.