तुमचं कोण मेलं?

दुधराम कापगते मूळचा नवेगाव बांधचा. वाडवडिलांनी तलाव बांधले, पाळी म्हणजे बांध घातले; मातीकाम सोडून सिमेंटात हात घालणारा घरातला हा पहिलाच. गोंदियाजवळच्या फुलचूरला बायको प्रेमिला आणि मुलगी टीना यांच्यासोबत तो दोन खोल्यांत राहतो. माझ्या घराचं प्लास्टर करायला आला तेव्हा तीन दिवस काही बोललाच नाही. चौथ्या दिवशी मी इस्रायलचं विचारलं, तर थापी खाली ठेवून म्हणाला, "सारे लढाईचे व्हिडिओ मागतेत. मी नाई दाखवणार. ऐकाचं असन तर सांगतो."

इस्रायलला बांधकामाची माणसं हवीत म्हणून भरती निघाली, तेव्हा तो गेला होता. समुद्राकाठच्या अश्दोद शहरात एका जुन्या इमारतीला बॉम्बपासून बचावाच्या खोल्या जोडायचं काम होतं. पहिल्या मजल्यावरची एक भिंत अर्धी लिंपलेली, अर्धी उघडी. आधीच्या माणसाचा हात चांगला होता, हे दुधरामला पाहताक्षणी कळलं.

"काऊन सोडून गेला रे हा?" तो स्वतःशीच पुटपुटला.

शेजारची खिडकी खाडकन उघडली. "अरे, तू मराठी?"

ती सारा नवगावकर. ऐंशीच्या पुढची, मूळची अलिबागकडची ज्यू, लग्नानंतर नवऱ्यासोबत तिकडे गेलेली. हा नवेगावचा आणि ती नवगावकर, याचं तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून दुपारची भाकरी तिच्याकडे. तिनंच सांगितलं, भिंत अर्धी ठेवणारा माणूस पॅलेस्टिनी होता. वेस्ट बँकेतून रोज नाका ओलांडून यायचा. दोन हजार तेवीसमध्ये हमासचा सात ऑक्टोबरचा हल्ला झाला आणि त्या सगळ्यांचे परवाने बंद झाले.

"म्हणजे मी त्याच्या जागेवर आलो?"

"आलास. मग काय करतोस?"

मुकादम नाएफ मात्र इस्रायलचाच अरब नागरिक. कामात कडक, पण सिमेंट उडून दुधरामचा डोळा सुजला तेव्हा यानंच त्याला दवाखान्यात नेलं आणि दिवसभर बसून राहिला. दुधरामला ही आजी आणि मुकादम, दोघंही आवडायची. अडचण एकच. ती दोघं एकमेकांशी बोलत नसत.

दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं आली. भोंगा वाजला आणि तिघंही त्या नव्या खोलीत शिरली. ओल्या प्लास्टरचा वास, दार बंद, बाहेर धडामधूम. अर्धा तास एका बाकड्यावर. नाएफच्या फोनवर गाझातल्या बातम्या सुरू होत्या. पिठासाठी रांगेत उभी राहिलेली माणसं गोळ्यांनी पडलेली, एका बाईच्या हातात मूल. आजीनं डोकावून पाहिलं आणि दुधरामला मराठीत म्हणाली, "मरू देत. मोठं होऊन तेही आपल्याला मारायलाच येणार."

"आजी, लेकरू हाय ते."

"माझा इतायही लेकरूच होता." इताय तिचा नातू. सात ऑक्टोबरला गाझाच्या कुंपणाजवळच्या गाण्याच्या जलशात मारला गेला. एकवीस वर्षांचा.

नाएफला मराठी कळत नव्हती, पण नाव कळलं. तो हिब्रूत काही बोलला.

"काय म्हणते हा?" दुधरामनं विचारलं.

तिनं शब्दाला शब्द लावून सांगितलं. "म्हणतो, तिथं नाचायला कशाला गेला? तुरुंगाच्या दारात कुणी नाचतं का?"

मग दोघंही सुटली. ती सात ऑक्टोबर म्हणाली, तो अठ्ठेचाळीस म्हणाला. त्या साली त्याच्या आजोबांचं गाव रिकामं केलं, आता तिथं पाइनचं जंगल आहे. ती एकोणतीस साली हेब्रॉनमध्ये झालेल्या ज्यूंच्या कत्तलीवर गेली, तो सदुसष्टच्या युद्धावर. तिनं बसमधले स्फोट काढले, त्यानं पाडलेली घरं. आणि भांडताभांडता म्हातारी दोघांचंही बोलणं दुधरामला मराठीत सांगत होती, जणू तो निवाडा देणार होता. दुपारी तिच्याच हातची खाल्लेली भाकरी त्याच्या घशाशी आली. तो कोपऱ्यात ओकला. आपणच लिंपलेल्या भिंतीला धरून.

ऑक्टोबरात युद्धविराम झाला, पुढच्या महिन्यात दुधराम परतला.

गोंदियात हार्डवेअरवाल्या दुर्गाप्रसादनं त्याचा सत्कार ठेवला. हॉल भरला. पडद्यावर गाझातल्या इमारती कोसळत होत्या आणि प्रत्येक इमारतीला शिट्ट्या पडत होत्या. "भैया, एकदम क्रिकेट जैसा!" म्हणत दुर्गाप्रसादनं माइक त्याच्या हातात दिला. "बताओ, कैसे ठोका उनको?"

दुधराम पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. तो म्हणाला, "त्या म्हातारीचा नातू मेला होता. त्या मुकादमाचं गाव गेलं होतं. तेही घाण बोलत, पण त्याइचं काही गेलं होतं. तुमचं कोन मेलं? कायले नाचून राहिले तुमी?" शाल खुर्चीवर टाकून तो उतरला.

खाली चहाच्या टपरीवर कॉलेजात शिकवणारा भूपेंद्र भेटला. दुसऱ्या, म्हणजे पॅलेस्टाइनच्या बाजूचा. माइकवरचं ऐकून त्यानं पाठ थोपटली, "शाब्बास! सात ऑक्टोबर म्हणजे प्रतिकारच होता. जुलूम केला की असं होतंच."

"इताय एकवीस वर्षांचा होता, सर. तुमच्या वर्गात शोभला असता," दुधराम म्हणाला आणि चहा तसाच ठेवून निघाला.

दुर्गाप्रसादच्या ओळखीची कामं त्याला आता मिळत नाहीत. भूपेंद्र ओळख देत नाही. प्रेमिला म्हणते, दोन गोड शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं.

"शांती होईल का तिथं?" मी विचारलं.

"गोळ्या थांबतीन. कधी कधी थांबतेतच." त्यानं भिंतीवर पाणी मारलं. "आजीचा फोन येते. मागं म्हणे, तिनं नाएफले विचारलं, तुझ्या आजोबाच्या गावाचं नाव काय होतं. साठ वर्सं त्या देशात राहून पैल्यांदा विचारलं बाईनं."

"मग? सांगितलं त्यानं?"

"सांगतलं म्हणे. पण त्यानं इतायचं काई विचारलं नाई." त्यानं थापी उचलली. "मलेच आजीसंग नीट बोलवत नाई अजून. तिचा आवाज आला का ते 'मरू देत' ऐकू येते."