नाव सांगा, मग उतरतो

“वळा,” मॅनेजर म्हणाला.

माझा बाप वळला. दोन्ही हात बाजूला पसरलेले, चड्डी अंगाला चिकटलेली, पाठीवर नदीचा गाळ. मॅनेजरच्या हातात बागेचा पाईप. आम्ही आलो तेव्हा याच पाईपने शेठची गाडी धुणं चाललं होतं. धार बापाच्या मानेवर बसली, मग पाठीवर, मग पायांवर. बाप साठीचा. त्याची हनुवटी थरथरत होती.

“आता तू.”

मीही हात पसरले. मीही वळलो.

पाताळगंगेच्या काठचं ते फार्महाऊस. आपटा गावाच्या खालच्या अंगाला, आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर. मुंबईहून मित्रांबरोबर आलेला एक मुलगा त्या दिवशी बुडाला होता. वरून वीजघराचं पाणी सुटलं की ही नदी भर उन्हाळ्यात चढते. त्याला कोणी सांगितलं नसावं. पोलिसांनी आम्हाला बोलावलं. आम्ही त्याला वर काढला. स्ट्रेचरवाले त्याला लॉनवरून घेऊन गेले. मुलाचे मित्र लॉनवरच बसले होते. तेही त्याच पाण्यात उतरले होते. त्यांना कोणी धुतलं नाही.

“बॉडीला हात लावलाय तुम्ही,” मॅनेजर म्हणाला. “शेठकडे उद्या पूजा आहे. समजून घ्या.”

बापाने मान हलवली. समजून घेतलं.

घरी येताना तो एवढंच बोलला. “पानी तर नदीचाच हाय. तिथूनच पंपानं वर चढवतान.”

आणि हसला. मी हसलो नाही. पण मी बोललोही नाही. त्या दिवशी मी पस्तिशीचा होतो, कमावता होतो, मला लेकरू होतं. लहान होतो असं म्हणायची सोय मला नाही.

आम्ही नदीतले कोळी. वाडीत मोजकी घरं. मासे कमी झाले तसे तरुण पनवेलला, कळंबोलीला कामाला लागले. पण पाण्यात माणूस गेला की आम्हालाच बोलावणं यायचं. बापाची एक रीत होती, त्याच्या बापापासून आलेली. पाण्यात पाय घालण्याआधी तो विचारायचा, “नाव काय त्याचा?” मग कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हाक मारायचा. “ये रे बाला, अमक्या. वर ये. तुजी मानसा आलीत.” हाकेत रडणं नसायचं. उन्हात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी हाक. बुडालेला माणूस घाबरलेला असतो, अनोळखी हाताला येत नाही, नावाला येतो, असं तो म्हणायचा. खरं असेल, नसेल. त्या दिवशीही त्याने विचारलं तर मॅनेजर म्हणाला, “नाव कशाला? बॉडी काढा लवकर.” एका मित्राने खाली बघत नाव सांगितलं, म्हणून हाक मारता आली.

बॉडी. हा शब्द मला आधी आवडायचा. आज सांगायला लाज वाटते.

कळंबोलीत मी ट्रकच्या बॉडी बांधतो. कारखान्यातून ट्रक येतो तो नुसता सांगाडा. इंजिन, चाकं, मागे उघड्या लोखंडी पट्ट्या. त्याच्यावर आम्ही अँगल ठोकतो, फळ्या बसवतो, मागचा फाळका लावतो. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाला कोणीतरी सांगितलं, पोरगा बॉडी बांधतो, हाताला काम आहे, आणि तिथेच सुपारी फुटली. शेवटी पेंटर येतो. मालकाच्या मुलांची नावं, गावाचं नाव, देवीचं नाव. नाव रंगवल्याशिवाय गाडी गॅरेजच्या बाहेर निघत नाही. मालक तेवढ्यासाठी दुपारभर ताटकळत बसतात.

गावात मात्र बॉडी म्हणजे देवळाची कमिटी. जुनी बॉडी, नवी बॉडी. तिच्यात आमच्या वाडीचं माणूस कधी नव्हतं. फार्महाऊसच्या त्या प्रकारानंतर पालखी आली तेव्हा बाप नेहमीप्रमाणे खांदा द्यायला पुढे झाला. एका सभासदाने त्याच्या छातीवर पंजा टेकवला. जोरात नाही. अगदी हळू. “हिकडं नको, बॉडीवाले. बॉडीत ठरलंय.”

बॉडीवाले. तोवर गाव त्याला नावाने ओळखायचं. त्यानंतर आमच्या घराला तेच नाव पडलं. माझ्या मुलाला शाळेत तेच चिकटलं. आता तो पनवेलला जिममध्ये जातो. एकदा आरशासमोर दंड फुगवून म्हणाला, “बाबा, बॉडी बघ.” मी मान फिरवली. त्याला वाटलं, मला कौतुक नाही.

मग बाप गेला.

पावसाचे शेवटचे दिवस होते. ओंडक्यात अडकलेलं जाळं सोडवायला तो गेला आणि पाय निसटला. चुलत्याने गॅरेजवर फोन केला. मी पोचलो तेव्हा सगळी वाडी काठावर उभी होती. चुलता म्हणाला, “तू मार हाक. लेकाची हाक पयली.”

मी पाण्यात उतरलो. कमरेइतकं पाणी. तोंड उघडलं. नावाने हाक मारायची असते. बापाला नावाने कशी मारायची? जन्मात ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. आई निघू देत नसे. कागदावर लिहिलं होतं, कोणी विचारलं तर आईकडे बोट केलं होतं. काठावर सगळे थांबले होते.

“बाबा,” मी हाक मारली. “बाबा, वर या.”

चुलता ओरडला, “नाव घे रे, नाव.”

मी पुन्हा बाबाच म्हणालो. नदीकाठी कितीतरी बाबा असतात.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी खाली पुलाच्या खांबाला सापडला, आणि तोही मला नाही, परक्या गावच्या लोकांना. मला माहीत आहे, हाकेने काही होत नाही. पाण्याची ओढ असते, अडकण असते. मी लोखंडात काम करणारा माणूस आहे, एवढं मला कळतं. तरी गॅरेजमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडते आणि काचेच्या आड मला तो दिसतो. कमरेइतक्या पाण्यात, हात पसरलेले, वळत असलेला. माझ्याकडे तोंड येतं, पण थांबत नाही. पुन्हा पाठ.

पनवेलला दवाखान्याच्या मागच्या बाजूला, शवागाराबाहेर आम्ही बसलो होतो. आतून एकाने विचारलं, “नदीची बॉडी कोणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

बरोबरचा हवालदार आम्हाला ओळखायचा. तो दुसऱ्या हवालदाराला म्हणाला, “बघ, बॉडीवाल्याचीच बॉडी.” दुसरा हसला. आणि मी हसलो. मोठ्याने नाही. साहेब काही बोलला की आपण ओठ ताणतो, तेवढंच. पण हसलो. माझा बाप भिंतीपलीकडे होता, आणि मी हसलो. त्याचं नाव तेव्हाही घेता आलं असतं. बॉडी नाही, त्याला नाव आहे, असं म्हणता आलं असतं. मी सही केली, चादरीत गुंडाळलेला बाप घेतला, चाललो.

त्यानंतर मी नदीत उतरणं सोडलं. फोन आला की कामावर आहे म्हणायचो. मग या हिवाळ्यात एकदा रविवारी हवालदार घरीच आला. “बॉडी आहे. त्याच फार्महाऊसवर. दुसरं कोणी नाही.”

मी गेलो. का गेलो ते मला सांगता येत नाही.

तोच मॅनेजर. केस पांढरे झालेले. लॉनला पाणी चढवणाऱ्या पंपाचा नदीतला पाईप तुंबला होता, तो साफ करायला माळ्याला उतरवलं होतं. माळी वर आला नव्हता.

“नाव काय त्याचं?” मी विचारलं.

“राजू.”

“राजू काय? कुठला?”

“अरे राजू. आमचा माळी.”

स्वयंपाकघराच्या दारात शेजारच्या गावची बाई उभी होती, तिथे स्वयंपाक करणारी. ती म्हणाली, “राजू तो पयला. तो गावाला गेला नि ह्यो आला. शेठ ह्यालाबी राजूच बोलले.”

“मग ह्याचा नाव काय, मावशी?”

तिने पदर तोंडाशी धरला. “मना म्हायत नाय. मीबी राजूच बोलत होती.”

मी नदीच्या पायरीवर बसलो. चपला काढल्या नाहीत.

“बसलास काय?” हवालदार म्हणाला.

“नाव सांगा, मग उतरतो.”

“नाटकं करू नको. पाणी सुटायची वेळ झालीय.”

“तर लवकर सांगा.”

“तुझा बाप असा नव्हता,” मॅनेजर म्हणाला. “शहाणा माणूस होता.”

पाण्याखाली एक माणूस आणि मी पायरीवर अडून बसलेला. बापाने असं कधी केलं नसतं. नाव नाही मिळालं तर तो ‘लेकरा’ म्हणून हाक मारायचा आणि उतरायचा. मी मेलेल्यावर सूड उगवतोय का, असंही मनात आलं. तरी मी उठलो नाही. त्या माणसाने त्यांचं गवत हिरवं ठेवलं होतं. त्याला काय म्हणायचं, हे शोधायला त्यांनी एक फोन करावा, एवढंच मी मागत होतो.

मॅनेजरने माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू आला. “कुठला? गेटवाला की गार्डनवाला?” मग कोणाला तरी विचारलं गेलं, त्याने आणखी कोणाला. मॅनेजर लॉनवर येरझारा घालत होता. शेवटी फोन वाजला.

“निरंजन,” मॅनेजर म्हणाला. “ओडिशाचा. निरंजन.”

मी चपला काढल्या.

कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. “ये रे बाला, निरंजन. वर ये.” तुजी मानसा आलीत, असं पुढे म्हणायचं असतं. काठावर त्याचं माणूस नव्हतं. मग मावशीने पायरीवरून हाक दिली, “निरंजन, ये रे बाबा.”

तो पंपाच्या पाईपपाशीच होता. सदरा पाईपला बांधलेल्या दोरात गुंतलेला. तरुण होता, माझ्या मुलाहून थोडा मोठा. मी त्याला पायरीवर ठेवला. मावशीने पदराने त्याचं तोंड पुसलं.

“आली का बॉडी?” वरून मॅनेजरने विचारलं.

“निरंजन आलाय,” मी म्हणालो.

तो खाली आला. हातात बागेचा पाईप होता. मला वाटत नाही त्याने मुद्दाम आणला असेल. सवय.

“वळ,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो. हात पसरले नाहीत.

“इथं एका म्हाताऱ्याला धुतलं होतंस. नाव माहिती आहे त्याचं?”

“कोण? बॉडीवा...” तो थांबला.

“हिराजी,” मी म्हणालो.

माझ्या तोंडून पहिल्यांदा. त्याच नदीच्या काठावर, उशीर झाल्यावर. टाकीत उरलेलं पाणी पाईपमधून त्याच्याच बुटांवर वाहत होतं. मी निरंजनला उचललं. हवालदाराला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने पायाकडून हात लावला. आम्ही लॉनवरून गेलो. मधोमध. चिखलाची पावलं उमटली ती मी वळून पाहिली नाहीत.

मला हलकं वाटलं नाही. बाप अजून वेल्डिंगच्या काचेत येतो, अजून वळतो. पालखीला आम्हाला अजून खांदा देत नाहीत. दवाखान्यातल्या त्या हसण्याने माझे ओठ अजून ओढले जातात.

मुलाला मी सांगून ठेवलंय. “मी पाण्यात गेलो तर मला नावाने हाक मार. बाबा म्हणू नकोस.” तो म्हणाला, “काहीपण काय बोलता.” मी त्याच्याकडून नाव म्हणवून घेतलं. त्याने मान खाली घालून म्हटलं. मी मोठ्याने म्हणायला लावलं.

फोन आता पुन्हा येतात. “बॉडी आहे,” पलीकडचा म्हणतो. मी विचारतो, कोण आहे? माहीत नसेल तर शोधा. सापडलं नाही तरी मी उतरेन, पण शोधताना मला दिसलं पाहिजे. आणि तिथे कोणी पाईप घेऊन उभा असेल तर त्याने तो आधी बंद करावा.

मी वळणार नाही.