नौतप्यातला मांडव

हवामानशास्त्रज्ञ म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. सगळे वाईट नसतील. मला एकच भेटला, पण त्यानं सगळ्यांची चव घालवली.

झाशीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत होते. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या विद्यापीठाला उन्हाच्या लाटांवर संशोधन करायचं होतं आणि त्यासाठी बुंदेलखंडातलं एखादं कॉलेज भागीदार म्हणून हवं होतं. ते आमचंच व्हावं म्हणून मी किती चकरा मारल्या, किती आर्जवं केली, ते माझं मला ठाऊक. शेवटी त्यांनी आमच्या मैदानात यंत्रं बसवली. पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याची फिरकी आणि तापमापक ठेवलेली पांढरी जाळीदार पेटी. आकडे आपोआप त्यांच्याकडे जायचे. अट एकच होती. नौतपा, म्हणजे जेठातले ते नऊ भट्टीचे दिवस, नीट मोजले गेले तर हे हवामान केंद्र कायमचं आमचं, नाही तर यंत्रं परत. माझ्या वर्गातल्या मुलींचं एमएस्सीचं काम त्या केंद्रावरच उभं होतं. त्यातली एक तर बरुआसागरहून पहिली बस पकडून यायची आणि पेटीवरची धूळ पुसूनच वर्गात शिरायची.

करारावर सह्या करायला त्या विद्यापीठाचे मुख्य शास्त्रज्ञ येणार, असं ठरलं, आणि तेही नेमकं नौतप्याच्या तोंडावर. झालं, आमच्या प्राचार्यांच्या अंगात वधूपिता संचारला. त्या दिवशी सकाळी मैदानावर जाऊन बघते, तर यंत्रांच्या डोक्यावर मांडव! लाल-पिवळ्या कनाती, गालिचा, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावलेले कूलर. पाहुण्यांची खुर्ची पेटीला लागूनच. मी प्राचार्यांना म्हटलं, सर, यंत्रं सावलीत ठेवून ऊन कसं मोजायचं? त्यांचं म्हणणं असं की पाहुणे यंत्रं बघायला येताहेत, मग त्यांना यंत्रांपाशीच बसवायला नको का?

"मॅडमजी, झाँसी में मेहमान धूप में बैठेगा? नाक कट जाएगी हमारी।"

मला वाटलं, येणारा माणूस तरी जाणता आहे, मांडव बघताच कपाळावर हात मारेल. कसलं डोंबल! साहेब आले, हार घालून घेतले, पन्हं प्यायले आणि खुर्चीत ऐसपैस विसावले. मी वाकून मराठीत हळूच सांगितलं की मांडव आजच उतरवायला सांगा, तुमचा शब्द हे मोडणार नाहीत. ते हसले. एका दुपारीनं काय होतंय, म्हणाले. वर म्हणे, तुमची मराठी मोठी गमतीची आहे हो, निम्मी हिंदीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरानं पेशव्यांच्या काळापासून या हिंदीच्या गराड्यात ती जपली, आणि हा कूलरसमोर पाय पसरून तिला मार्क देतोय! मग त्यांनी शिपायाला खूण केली आणि कूलर आपल्याकडे वळवून घेतला. गार वारा त्यांना लागला तसा पेटीलाही लागला.

एका दुपारीवर भागलं असतं तर आणखी काय हवं होतं? पण मांडव लागलाच आहे तर बक्षीस समारंभ उरकून घेऊ. तो झाला तर रिटायर होणाऱ्या बडे बाबूंचा, म्हणजे हेडक्लार्कचा, निरोप. मग कुणा पुढाऱ्याचा सत्कार. मी रोज जाऊन भांडायची, रोज तेच उत्तर, कल हट जाएगा. अख्खी झाशी भाजून निघत होती, प्रेमनगर मोहल्ल्यात कुत्रीसुद्धा नालीत पडून होती, आणि आमच्या पेटीच्या हिशोबानं झाशीचं महाबळेश्वर झालं होतं. नौतपा संपला आणि मगच मांडव उतरला.

साहेबांचा फोन आला. तुमचे आकडे भरवशाचे नाहीत, तुमच्याकडे शास्त्रीय शिस्तच नाही, केंद्र आम्ही शेजारच्या चिरगावला हलवतोय. मी म्हटलं, "सर, तो कूलर तुम्हीच वळवून घेतला होतात." मग ते एकदम इंग्रजीवर आले. मुलींच्या कामाचं काय, हे मी विचारलं, तर त्यांनी दुसरा विषय निवडावा, असा सल्ला मिळाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

जूनमध्ये ट्रक आला तेव्हा साहेबही आले, आणि आमच्या प्राचार्यांनी काय करावं? यंत्रांना निरोप म्हणून पुन्हा मांडव! तेच कूलर, तीच खुर्ची. बरुआसागरची मुलगी एका खांबाला टेकून, यंत्रं ट्रकवर चढताना बघत होती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. साहेब माइकवर सहकार्याचं महत्त्व सांगू लागले. मी उठले, मांडवाच्या मागे गेले आणि कूलरच्या पिना एकेक करून उपसून काढल्या. लूचा भाजून काढणारा वारा सरळ आत घुसला. प्राचार्य धावत आले. मी पिना हातातच धरून ठेवल्या आणि साहेबांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"आप लोगों को झाँसी की गर्मी चाहिए थी न? लीजिए।"

साहेबांचा शर्ट बघता बघता पाठीला चिकटला. उठून जाणं शोभेना, म्हणून बिचारे भाषण ओढत राहिले. झाशीची खरी झळ त्या मैदानात पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला लागत होती, आणि ती मोजायला तिथं काहीच उरलं नव्हतं.